दंड गुन्ह्याच्या मापाने: कस्टम्ससमोर काय करावे, काय टाळावे

सीमाशुल्काचा कायदा मोडणारे सगळेच तस्कर नसतात. कोणी फॉर्ममधला रकाना रिकामा सोडतो, कोणाला सोन्याची मर्यादा माहीत नसते, कोणाचा एजंट मालाचा कोड चुकीचा टाकतो; आणि कोणी बॅगेला चोरकप्पा शिवून घेतो. या सगळ्यांना एकच दंड लावणे न्यायाचे नाही. हे तत्त्व जगाने १९४७ मध्येच कागदावर आणले. गॅट कराराच्या आठव्या अनुच्छेदात म्हटले आहे की किरकोळ उल्लंघनाला भारी दंड लावू नये. फसवणुकीचा हेतू किंवा घोर निष्काळजीपणा नसलेल्या आणि सहज दुरुस्त होणाऱ्या कागदी चुकीला ताकीद मिळेल इतकाच दंड असावा. २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आलेला जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार त्याहून पुढे जातो. दंड त्या-त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर आणि उल्लंघनाच्या गांभीर्यावर ठरावा आणि जबाबदार व्यक्तीलाच व्हावा, असे तो सांगतो. भारताने हा करार एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारला.

तरीही हे प्रमाण आपोआप पदरात पडत नाही. ते मागावे लागते, आणि मागताना हातात कागद लागतो. देशोदेशीच्या निकालांत पुन्हा पुन्हा तीन प्रश्न निर्णायक ठरलेले दिसतात: तुम्ही लपवले का? नुकसान किती झाले? आणि चूक आधी कोणी सांगितली, तुम्ही की त्यांनी? पुढची यादी या तीन प्रश्नांच्या तयारीसाठी आहे.

काय करावे: प्रवाशांनी

१. शंका असेल तर लाल मार्गिकेतून जा. रेड चॅनलमध्ये जाणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. भारतीय सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे सामानाचे घोषणापत्र देणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे. ते दिले की बहुतेक वेळा प्रश्न फक्त ड्युटीचा उरतो. न देता पकडले गेलात तर त्याच वस्तूवर जप्ती, दंड आणि कदाचित खटला, असे तीन प्रश्न उभे राहतात. सोन्याच्या आणि सामानाच्या सवलतीच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून नातेवाइकांच्या जुन्या अनुभवावर न विसंबता निघण्याच्या आठवड्यात त्या अधिकृत ठिकाणी पाहून घ्या.

२. रोख रक्कम जाहीर करा. भारतात येताना नोटा ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरच्या वर जात असतील, तर घोषणापत्र भरावे लागते. अमेरिकेत ही मर्यादा १०,००० डॉलर, युरोपीय संघात १०,००० युरो आणि संयुक्त अरब अमिरातीत ६०,००० दिरहम आहे. या देशांत मर्यादेपेक्षा जास्त पैसा नेणे हा गुन्हा नाही. तो न सांगणे हा गुन्हा आहे. दुबई-मुंबई ये-जा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा फरक ध्यानात ठेवावा.

३. पैसा कुठून आला, याचा कागद जवळ ठेवा. नोव्हेंबर २००२ मध्ये बाकूहून मॉस्कोला उतरलेल्या एका प्रवाशाजवळ २१,३४८ डॉलर होते. ते घर विकून आलेले होते. घोषणापत्रात त्याने फक्त ४८ डॉलर लिहिले. रशियाने जवळपास सगळी रक्कम जप्त केली आणि वर स्थगित कारावासही दिला. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये इस्माइलोव्ह विरुद्ध रशिया या खटल्यात ही जप्ती प्रमाणाबाहेरची ठरवली. पैसा कायदेशीर होता आणि घरविक्रीचे कागद दाखवता येत होते, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले. कागद नसता तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

४. परदेशी जाताना अंगावरच्या दागिन्यांची नोंद करून घ्या. लग्नकार्यासाठी पाटल्या, तोडे, मंगळसूत्र असे मोठे दागिने घेऊन जाणार असाल तर जातानाच विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. सराफाची पावती, वजन आणि छायाचित्र जवळ असू द्या. परतताना हे दागिने आपलेच आणि जुनेच आहेत हे सिद्ध करण्याची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडेल. भारतात कलम १२३ प्रमाणे तस्करीच्या वाजवी संशयावरून सोने जप्त झाले की ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर येते. घरी पडून असलेली पावती त्या क्षणी काही कामाची नसते.

५. वस्तू आत नेता येत नसेल तर ती तिथेच ठेवून घ्यायला सांगा. कलम ८० मध्ये ही सोय आहे. प्रामाणिकपणे जाहीर केलेली, पण ड्युटी लागणारी किंवा प्रतिबंधित वस्तू कस्टम्सकडे ठेवता येते आणि देश सोडताना परत घेता येते. अट एकच: आधी खरे सांगितलेले असले पाहिजे. परदेशात स्थायिक झालेल्या आणि थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना ही सोय फार उपयोगाची आहे, आणि फार थोडे लोक ती वापरतात.

६. जबाब आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. कलम १०८ खाली कस्टम्स अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वापरता येतो. जबाब ज्या भाषेत लिहिला ती येत नसेल तर तो आपल्या भाषेत समजावून घ्या आणि तसे केल्याची नोंद मागा. ‘विसरलो’ आणि ‘लपवले’ या दोन शब्दांत दंडाचा सगळा फरक असू शकतो. थकलेल्या अवस्थेत, पहाटेच्या विमानातून उतरल्यावर सुद्धा, प्रत्येक ओळ वाचा.

७. जप्तीऐवजी दंड भरण्याचा पर्याय मागा. कलम १२५ इथे कळीचे आहे. माल प्रतिबंधित नसेल तर दंड भरून तो सोडवण्याचा पर्याय अधिकाऱ्याने दिलाच पाहिजे; प्रतिबंधित असेल तर तो द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. म्हणून लढाई बहुधा ‘प्रतिबंधित’ या शब्दाभोवती होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ओम प्रकाश भाटिया प्रकरणात म्हटले की आयात-निर्यातीच्या अटी न पाळलेला मालही प्रतिबंधित ठरू शकतो. सोन्याच्या प्रकरणांत दंड जड का होतो, याचे मोठे कारण इथे आहे. लेखी उत्तरात आपला माल कोणत्या वर्गात मोडतो, याची मांडणी पहिल्या परिच्छेदातच करा.

८. आदेश आणि त्याची कारणे लेखी मागा. व्यापार सुलभीकरण करारानुसार दंड करताना उल्लंघन कोणते आणि कोणत्या कायद्याखाली दंड ठरला, याचे लेखी स्पष्टीकरण देणे बंधनकारक आहे. कारण लिहिलेले नसेल तर ‘प्रमाण चुकले’ हे वरच्या पायरीवर दाखवता येत नाही. भारतात आयुक्त (अपील) यांच्याकडे जायला ६० दिवस असतात आणि साधारणपणे ७.५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. दिवस मोजा.

काय करावे: आयातदारांनी

९. चूक सापडण्याआधी स्वतः सांगा. अमेरिकी कायद्यात निष्काळजीपणाला बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत, घोर निष्काळजीपणाला चौपटीपर्यंत आणि फसवणुकीला मालाच्या देशांतर्गत किमतीएवढा दंड होऊ शकतो. पण चौकशी सुरू झाल्याचे कळण्याआधीच आयातदाराने सगळे उघड केले तर पहिल्या दोन पायऱ्यांवर बुडालेल्या शुल्कासोबत फक्त व्याज द्यावे लागते. व्यापार सुलभीकरण करारही अशा स्वेच्छेने दिलेल्या माहितीला दंड कमी करण्याचे कारण मानतो. भारतात २०२५ च्या अर्थ कायद्याने कलम १८अ आणले. त्यामुळे माल सुटल्यानंतरही आयातदार स्वतःहून बिल ऑफ एन्ट्री दुरुस्त करू शकतो. ऑडिट किंवा झडती सुरू झाली की मात्र ही वाट बंद होते.

१०. पायऱ्या आणि तारखा पाठ करा. भारतीय कायद्यातला दंड चढत्या पायऱ्यांचा आहे. हेतुपुरस्सर चूक नसेल आणि नोटीस येण्याआधी शुल्क व व्याज भरले तर दंड नाही. नोटीस आल्यावर ३० दिवसांत भरले तरी अशा प्रकरणात दंड नाही. फसवणूक किंवा जाणूनबुजून खोटे निवेदन असल्याचा आरोप असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत शुल्क आणि व्याज चुकते केले तर शुल्काच्या १५ टक्के दंडावर प्रकरण मिटते. आदेशापर्यंत थांबलात आणि मग ३० दिवसांत सगळे भरलेत तर २५ टक्के. तेही चुकले तर कलम ११४अ खाली शुल्काएवढा, म्हणजे १०० टक्के. न्हावा शेव्यातून माल सोडवणाऱ्या लहान कारखानदाराने या मुदती भिंतीवर लावून ठेवाव्यात.

११. कोड का निवडला, याचे टिपण फायलीत ठेवा. वर्गीकरणावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. माल घेतानाच तांत्रिक माहितीपत्रक, पुरवठादाराचा ईमेल, आधीच्या आयातीचे कागद जपले असतील तर पाच वर्षांनी आलेल्या नोटिशीला ‘हा हेतू नव्हता’ असे पुराव्यानिशी सांगता येते. शंका मोठी असेल तर आयातीपूर्वी अग्रिम निर्णय मागा. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हिंदुस्तान स्टील प्रकरणात सांगितलेले तत्त्व अशा वेळी पुढे ठेवा: दंड करण्याचा अधिकार आहे एवढ्यावरून दंड करू नये; कायदा जाणूनबुजून धुडकावला किंवा वागणे अप्रामाणिक होते, असे दिसले पाहिजे. तो खटला विक्रीकराचा होता, पण पुढे अनेक कायद्यांखालच्या दंडाच्या वादात वकिलांनी त्याचा आधार घेतला आहे.

काय टाळावे

१. ग्रीन चॅनलला फक्त रस्ता समजू नका. त्यातून चालत जाणे म्हणजेच ‘माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही’ असे निवेदन. पलीकडे अडवल्यावर ‘मी सांगणारच होतो’ या वाक्याला वजन उरत नाही.

२. वस्तूच्या किमतीवरून दंडाचा अंदाज बांधू नका. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत अंडे व मांस घातलेले दोन मॅकमफिन आणि हॅमचा एक क्रोसाँ सापडला. दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. न्याहरीच्या किमतीशी ताडून पाहिले तर हा आकडा अवाजवी वाटतो. पण त्या वेळी इंडोनेशियात जनावरांच्या लाळ-खुरकत रोगाची साथ होती आणि ऑस्ट्रेलियाचा सगळा पशुधन उद्योग त्या रोगापासून मुक्त होता. दंड मोजला गेला तो धोक्यावरून. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडहून ब्रिस्बेनला उतरलेल्या एका वृद्ध महिलेला विसरून राहिलेल्या चिकन सँडविचसाठी ३,३०० डॉलर दंड झाला. तिथे माझे मन कायद्याच्या बाजूने तितकेसे जात नाही, कारण विसर आणि लपवाछपवी यांच्यात फरक केला गेला पाहिजे. तुमच्यासाठी बोध मात्र एकच: आईने दिलेले लोणचे, तूप, सुकी मासळी, कढीपत्ता, बी-बियाणे, जे असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलेले फार तर काढून घेतले जाते.

३. दुसऱ्याचे पार्सल घेऊन जाऊ नका. ‘एवढे गावाकडे पोचवा’ म्हणून दिलेल्या पुडक्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. ते ज्याच्या सामानात सापडते, उत्तर त्याला द्यावे लागते. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करणे जगातल्या कुठल्याही विमानतळावर कठीण जाते.

४. थोडे-थोडे आणले तर चालते, असे मानू नका. चीनमध्ये नोकरी सोडलेली एक हवाईसुंदरी कोरियातून सौंदर्यप्रसाधने आणून ऑनलाइन विकत असे. बीजिंगच्या न्यायालयाने २०१२ मध्ये बुडवलेला कर ११ लाख युआनहून जास्त धरून तिला ११ वर्षांची शिक्षा दिली. प्रकरण परत पाठवले गेले, पुरावा नव्याने मोजला गेला आणि २०१३ च्या शेवटी रक्कम ८० हजार युआनच्या घरात आली. शिक्षा उरली ३ वर्षे. यातून दोन गोष्टी शिकाव्यात: फेऱ्यांची बेरीज होते, आणि ती बेरीज पुराव्याने तपासून घेण्याचा आरोपीचा हक्क सोडू नये.

५. कमी किमतीचे बिल बनवून घेऊ नका. खोटे दस्तऐवज जाणूनबुजून वापरले तर भारतात कलम ११४अअ प्रमाणे मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सिंगापूरमध्ये बुडवलेल्या शुल्काच्या आणि कराच्या वीसपटीपर्यंत. प्रमाणाचे तत्त्व तुमच्या बाजूने उभे राहते ते चुकीसाठी. बनावट बिलासोबत ते विरुद्ध बाजूला जाते.

६. हक्क सोडल्याच्या छापील कागदावर सही करू नका. कलम १२४ प्रमाणे जप्तीचा आदेश देण्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ‘मला नोटीस नको, सुनावणी नको’ असे छापलेल्या फॉर्मवर प्रवाशांच्या सह्या घेण्याची पद्धत कायद्याला धरून नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवले. हेही लक्षात ठेवा: जप्तीनंतर सहा महिन्यांत, किंवा रीतसर वाढवलेल्या आणखी सहा महिन्यांत, नोटीस आली नाही तर माल परत मागता येतो.

७. दंड भरला की सगळे संपले, असे समजू नका. १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझला उतरलेल्या एका प्रवाशाजवळ १०७.२ तोळे सोने सापडले. कस्टम्सने ते जप्त केले आणि १२,००० रुपये भरून सोडवण्याचा पर्याय दिला. त्यानंतर परकीय चलन कायद्याखाली फौजदारी खटलाही दाखल झाला. एकाच कृत्याला दोनदा शिक्षा नको, हा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निकालात फेटाळला. कस्टम्सची जप्ती ही न्यायालयीन शिक्षा नाही, असे त्यात ठरले. ही स्थिती आजही बदललेली नाही, म्हणून दंड भरतानाच खटल्याचे काय, हे वकिलाला विचारा.

८. लाच देऊन ‘मिटवू’ नका. सीमेवरची चिरीमिरी किती घातक ठरू शकते, हे महाराष्ट्राने १९९३ मध्ये भोगले आहे. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, आणि मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सीमाशुल्क अधिकारीही दोषी ठरले. म्हणून कठोर दंडालाच माझा विरोध नाही. कठोरता जिथे हवी तिथे ती पूर्ण वापरता यावी, यासाठीच ती सँडविचवर आणि चुकलेल्या रकान्यावर खर्च होऊ नये.

अधिकाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी

करावे: दंडाआधी हेतू आणि नुकसान नोंदवा. १९९४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर एका स्थलांतरित व्यावसायिकाकडे न सांगितलेले ३,५७,१४४ डॉलर सापडले. पैसा कायदेशीर होता आणि कर्ज फेडण्यासाठी नेला जात होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, सगळी रक्कम जप्त करणे हे राज्यघटनेने मनाई केलेल्या अवाजवी दंडात मोडते, असा निर्णय दिला. या बजाकाजियन निकालाचा गाभा साधा आहे: सरकारचे नुकसान फक्त एका माहितीचे झाले होते.

करावे: ज्याने नफ्यासाठी आणले आणि ज्याने घरच्यांसाठी आणले, त्यांच्यात फरक करा. ब्रिटनच्या कस्टम्सने फ्रान्समधून सिगारेट आणणाऱ्यांच्या मोटारी परत न देण्याचे सरसकट धोरण ठेवले होते. अपील न्यायालयाने २००२ मध्ये लिंडसे प्रकरणात सांगितले की व्यापारासाठी आणणारा आणि नातेवाईक-मित्रांसाठी आणणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

टाळावे: सरसकट टक्केवारी. हंगेरीत ५०,००० युरोच्या वर न सांगितलेली रोकड सापडली की ६० टक्के दंड ठरलेला होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये क्मिएलेव्स्की प्रकरणात तो प्रमाणाबाहेर ठरवला. संघाच्या सीमाशुल्क संहितेचा ४२ वा अनुच्छेद दंड परिणामकारक, प्रमाणशीर आणि धाक बसवणारा असावा असे सांगतो. पण आकडे प्रत्येक सदस्य देश स्वतः ठरवतो, त्यामुळे एकाच चुकीला दोन शेजारी देशांत वेगळी किंमत मोजावी लागते.

टाळावे: दंडाच्या रकमेत अधिकाऱ्याचा हितसंबंध. दंड ठरवणाऱ्याला मोठ्या दंडाचे प्रलोभन असू नये, असे व्यापार सुलभीकरण करार स्पष्ट सांगतो. खबऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या आपल्या योजनेची या कसोटीवर वेळोवेळी तपासणी व्हायला हवी.

टाळावे: शिक्षा वाढवत नेणे हाच उपाय समजणे. चीनने २०११ मध्ये सामान्य मालाच्या, आणि २०१५ मध्ये शस्त्रांच्या व बनावट चलनाच्या तस्करीसाठीची मृत्युदंडाची तरतूद काढून टाकली. कडक शासनाचा देशही शिक्षेचे माप बदलू शकतो, तर लोकशाही देशांनी हे काम टाळण्याचे कारण नाही.

कस्टम्सचा धाक हवाच. त्याशिवाय देशाची तिजोरी, शेती आणि सुरक्षा उघडी पडेल. पण धाक टिकतो तो नियम सगळ्यांना समजेल असा असला आणि खरे बोलणाऱ्याचा त्यात फायदा झाला तर. तुमच्या वाट्याचे काम एवढे: आधी सांगा, कागद जपा, मुदत पाळा. हे करूनही दंड जड झाला तर तो नशीब म्हणून भरून मोकळे होऊ नका. आदेशाची प्रत घ्या आणि अपील करा. वर उल्लेखलेल्या बहुतेक निकालांची सुरुवात कोणीतरी तो जड दंड मुकाट्याने मान्य न करण्यापासून झाली आहे.